रेघेपर्यंत पाणी

आमच्या मुलीच्या आजाराचं नाव इतकं लांबलचक आहे, की ते उच्चारून होईपर्यंत ऐकणाऱ्याचा चेहरा रडवेला होऊन जातो. म्हणून मी ते सांगायचंच सोडलंय. एवढंच सांगते, की आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेला जनुक आला, की मुलाच्या हातापायांतली ताकद वर्षागणिक उतरत जाते. डोकं शाबूत राहतं. आमच्या कन्येची तर जीभही जरा जास्तच शाबूत आहे. घरात सगळ्यांवर हुकूम सोडते म्हणून तिला आम्ही मुकादम म्हणतो. ती सोळा वर्षांची आहे आणि चार वर्षांपासून चाकाच्या खुर्चीत आहे.

पहिल्या डॉक्टरांनी निदान सांगितलं आणि वर सल्ला दिला, घरी घेऊन जा, तिला भरपूर प्रेम द्या. जसं काही तोवर आम्ही तिला उन्हात वाळत घातलं होतं. औषध नाही, कारण संशोधन नाही. संशोधन नाही, कारण रोगी थोडे. आणि रोगी थोडे, कारण ते कुणी शोधलेच नाहीत. मला राग आला, आणि मला राग आला की मी स्वस्थ बसत नाही, हे माझ्या सासूपासून मुकादमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही संस्था काढली. संस्था म्हणजे नवऱ्याच्या दुकानामागची खोली, एक टेबल, एक म्हातारा संगणक आणि माझा फोन. नातेवाईक म्हणाले, स्वतःचं पोर सांभाळायचं सोडून लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजता? मी म्हटलं, त्या लष्करातच आमची पोरगी आहे.

हळूहळू माणसं जमली. कुठून कुठून फोन यायचे. नवे आईबाप आधी रडायचे, मी त्यांना मनसोक्त रडू द्यायची, मग विचारायची, पोराला लाडानं काय हाक मारता? हाक सांगताना माणूस रडायचा थांबतो, हे मला अनुभवानं कळलं होतं. अशीच एकदा जुळ्या मुलींची आई आली. दोन्ही मुलींना आजार, नवरा कामानिमित्त कायम बाहेर, आणि ही बाई कपडे शिवता शिवता फोनवर माझ्याशी बोलायची, शिलाई मशीनचा आवाज थांबला की समजायचं, आता खरं दुखणं बाहेर पडणार.

माझ्या नवऱ्याचा धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानदारांचे, भंगारवाल्यांचे, दवाखान्यांचे काटे आमच्याकडे येतात. काटा केसभर हलला तरी ह्या माणसाला जेवण गोड लागत नाही. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, 'गेल्या वेळेपेक्षा काही फरक?' आणि आम्ही सगळे आईबाप एकच उत्तर द्यायचो, 'थोडा.' एक दिवस तो वैतागला. म्हणाला, थोडा म्हणजे किती? मापच नसेल तर भांडायचं कशाच्या जोरावर? त्यानं एकाच कारखान्यातले, एकाच जाडीचे स्टीलचे पेले आणले. प्रत्येकाच्या आतून एकाच उंचीवर रेघ कोरली आणि संस्थेतल्या प्रत्येक मुलाला एकेक पेला धाडला. नियम असा, की दर वाढदिवशी पेला रेघेपर्यंत पाण्यानं भरायचा. मुलानं तो एका हातानं उचलायचा, पाणी प्यायचं, पेला टेबलावर ठेवायचा. आईबापानं नुसतं चित्रण करायचं आणि आमच्याकडे पाठवायचं. मध्ये हात घालायचा नाही. आधी पेला, मग केक.

वर्षं गेली. आणि एक दिवस चक्क औषध आलं. म्हणजे येऊ घातलं. शहरातल्या एका मोठ्या संस्थेत त्याची पहिली चाचणी होणार होती. मी आनंदानं नाचायचीच बाकी होते, तेवढ्यात अट वाचली. चाचणीत घ्यायच्या मुलानं सहा मिनिटं न थांबता चालून दाखवायला हवं. आमच्या संस्थेतली निम्म्याहून अधिक मुलं खुर्चीत. चाचणीच्या प्रमुखांना, मोठ्या डॉक्टरांना, मी फोन केला. ते सभ्यपणे म्हणाले, औषधानं फरक पडला की नाही हे मोजता आलं पाहिजे. चालणं मोजता येतं. हातांचं या आजारात मान्य झालेलं माप नाही. मी म्हटलं, आमच्याकडे आहे, वर्षानुवर्षांचं आहे, येऊन दाखवते. त्यांनी मला सोमवारची वेळ दिली. चाचणीचे नियम त्याच आठवड्यात पक्के होणार होते. एकदा झाले की मुकादम बाहेर, आणि तिच्यासारखी सगळीच बाहेर. पुढची चाचणी कधी? देव जाणे. तोवर हातात काय उरलं असतं, ते मला माहीत होतं.

रविवारी दुपारी मी मागच्या खोलीत चित्रणं बघायला बसले. सुरुवात घरापासून. मुकादमचा एक वाढदिवस, मग दुसरा, मग तिसरा. पाच-सहा वर्षांत हात कसा जड होत गेला ते स्पष्ट दिसत होतं. पण शेवटची तीन वर्षं पाहताना मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. हात तसाच. उचलणं तसंच. कोपर जरा थरथरतं, पण पेला वर जातो, पाणी पिऊन होतं, पेला खाली येतो. तीन वर्षं आजार जागच्या जागी थांबला होता. मला वाटलं, देवा, थांबला, आणि आम्ही येडे, आमच्या लक्षातही आलं नाही. मी पदरानं डोळे पुसले आणि ते पुन्हा लावलं. सुखाची गोष्ट दोनदा बघावीशी वाटते.

दुसऱ्यांदा मी आवाज ऐकला. आधीच्या वर्षांत पेला टेबलावर ठेवला की टण्ण व्हायचं. शेवटच्या तीन वर्षांत नुसतं टक. मी जुळ्यांचं चित्रण लावलं. आधी टण्ण, मग टक. तिसऱ्याच एका मुलाचं लावलं. आधी टण्ण, मग पत्र्याचा पातळ किणकिणाट, मग टक. मी संगणक तसाच सोडला आणि दुकानात गेले.

मी नवऱ्याला एरवी अरे-तुरे करते. 'अहो' ऐकलं की तो ओळखतो, आता आपलं काही खरं नाही.

"अहो," मी म्हटलं, "पेले कुणी बदलले?"

त्याच्या हातात कुणाचा तरी काटा उघडा पडला होता. त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. खोटं त्याला बोलता येत नाही. हळूहळू सगळं बाहेर आलं. एकदा वाढदिवसाला जमलेल्या पाहुण्यांसमोर एका मुलीच्या हातून पेला पडला. तिनं केक कापायला नकार दिला, दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसली. तिच्या आईनं फोन केला, तो नेमका ह्यानं घेतला. ह्यानं दुसरा पेला पाठवला. दिसायला तोच, पत्रा पातळ, रेघ बोटभर खाली. मग दुसऱ्या मुलाला. मग ज्यांना तोही जड झाला त्यांच्यासाठी प्लास्टिकचे पेले आणून त्यांना इतका बेमालूम चंदेरी रंग दिला, की मी समोर बसून फसले. आमच्या पोरीला तर त्यानं तेरावा वाढदिवस झाल्यावर थेट चंदेरीच पेला दिला होता.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. गावभराचे काटे सरळ करणाऱ्या माणसानं आपल्याच पोराबाळांच्या मापात खोट घातली होती. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही, आपलेच दात आणि आपलेच ओठ. उद्या सोमवार, आणि माझ्या हातात काय, तर ह्या मुलांचे हात अजिबात बिघडत नाहीत असं सिद्ध करणारी चित्रणं. ती पाहून कुठला डॉक्टर म्हणेल, की हातांवर औषधाचा फरक मोजता येतो?

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वाढदिवस होता गं तिचा. वाढदिवशी तरी पोर हरू नये."

माझा राग गेला नाही.

तेवढ्यात दारातून मुकादमचा आवाज आला. खुर्ची कधी येऊन उभी राहिली, आम्हा दोघांना कळलं नव्हतं. ती म्हणाली, "आई, ओरडू नकोस त्यांच्यावर. मला माहीत होतं."

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती म्हणाली, बाबा, हात माझे दुबळे झालेत, अक्कल नाही. हलकी वस्तू हातात घेतली की ती हलकी आहे हे कळतं. मग बोलली का नाहीस, मी विचारलं. तर म्हणे, बाबांना इतकं बरं वाटायचं, मी पेला उचलला की ते माझ्यापेक्षा जास्त खूश व्हायचे. आणि एकट्या मलाच नाही, सगळ्यांना माहीत आहे. संस्थेतल्या मुलांचा फोनवर स्वतःचा एक गट आहे, त्यात मोठ्यांना प्रवेश नाही. तिथं ह्या प्रकाराला नावही आहे. बढती. पातळ पत्र्याचा पेला आला की पहिली बढती, चंदेरी आला की दुसरी. बढती मिळाली की बाकीचे अभिनंदन करतात. जुळ्यांपैकी थोरलीला धाकटीच्या आधी बढती मिळाली, तेव्हा तिनं सगळ्यांना बजावलं होतं, की यापुढे मला साहेब म्हणायचं.

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. आम्ही मोठी माणसं मुलांपासून त्यांचं दुखणं लपवत होतो, आणि मुलं आमची लपवाछपवी आमच्यापासून लपवत होती.

मी जुळ्यांच्या आईला फोन लावला. तिला सांगितलं तर पलीकडे मशीन थांबलं. मग ती म्हणाली, ताई, त्यांना बोल लावू नका, दुसऱ्या वेळेला हलका पेला मीच मागून घेतला होता. असं सांगणारी ती एकटी नव्हती. संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं, की ज्या संस्थेची मी अध्यक्ष, त्या संस्थेत सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त अध्यक्षांना सोडून.

आता करायचं काय? नवरा म्हणाला, जाऊच नये. जुळ्यांची आई म्हणाली, जुनी चित्रणं तेवढी दाखवू, पुढची कशाला दाखवायची. मला तेही पटेना. उद्या कुणीतरी कान देऊन ऐकलं, तर खोटारडे म्हणून कायमचे बाहेर पडू. शेवटी मुकादमनंच हुकूम सोडला. सगळं सांगायचं, सगळं दाखवायचं, आणि मी येणार. "आणि बाबांनी माझा पहिला पेला बरोबर घ्यायचा," ती म्हणाली. "फेकला नाहीये तो त्यांनी. कपाटात वर ठेवलाय."

सोमवारी आम्ही चौघं गेलो. आम्ही तिघं आणि जुळ्यांची आई. लांबलचक टेबल, त्याच्या एका टोकाला मोठे डॉक्टर, शेजारी त्यांच्या सहायक डॉक्टरीणबाई, आणि टेबलावर इतकी कागदपत्रं की कोपर टेकायला जागा नाही. मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी मुकादमशी आधी हात मिळवला, मग आमच्याशी. मी उभी राहिले आणि सरळ सांगून टाकलं, की आमच्या मापात खोट आहे, ती आम्हीच घातली, प्रेमापोटी घातली, आणि आता सगळं ऐका. मग मी चित्रणं लावली. टण्ण, टण्ण, किणकिण, टक.

डॉक्टरांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला. पण यातून हात कधी दुबळा झाला ते कळत नाही, बापाला कीव कधी आली ते कळतं. आणि कीव हे माप नाही.

नवऱ्यानं मान खाली घातली. मुकादमनं घातली नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, बढती पडल्याशिवाय मिळत नव्हती. आधी आमच्या हातून पेला पडायचा, मग नवा यायचा. कुणाचा कधी पडला, ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतरच्या वाढदिवसापासून आवाज बदललाय. जुळवून बघा."

सहायक डॉक्टरीणबाई काहीतरी लिहायला लागल्या. मोठे डॉक्टर मात्र हलले नाहीत. ते म्हणाले, आठवणीवर चाचणी उभी राहत नाही, विचार करू, पुढच्या वेळी हातांचं माप बसवता येतं का बघू.

पुढच्या वेळी. हा शब्द मी इतक्या दवाखान्यांत ऐकलाय, की तो ऐकला की माझ्या कानशिलात ठोके पडायला लागतात. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही पाय मोजता, कारण पाय मोजणं तुम्हाला सोयीचं आहे. चालणं थांबलं म्हणून माझी मुलगी संपलेली नाही. तिला अजून नाक खाजवायचंय, पान उलटायचंय, नको असलेल्या माणसाचा हात बाजूला सारायचाय. हे तिच्या हातून जाईल तेव्हा तुमची पुढची वेळ येऊन काय उपयोग? आठवण नको म्हणता, तर नको. आजपासून मोजा. आत्तापासून. इथे."

मला वाटलं, संपलं, आता हे आम्हाला बाहेरची वाट दाखवणार. डॉक्टरांनी शेजारी पाहिलं. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, सर, मूळ पेले एकाच जाडीचे आहेत, पाण्याची उंची ठरलेली आहे. शून्यापासून पूर्णपर्यंत टप्पे पाडता येतील. पहिली नोंद आपल्या डोळ्यांसमोर झाली तर मी हे नियमांत घालायला तयार आहे. डॉक्टर बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. मग म्हणाले, ठीक आहे, पण नियम म्हणजे नियम. मूळ पेला, पूर्ण पाणी, तीन प्रयत्न, कुणाची मदत नाही. जे होईल ते लिहिलं जाईल आणि नंतर बदललं जाणार नाही. मुलीची तयारी आहे?

"मुलीला विचारा," मुकादम म्हणाली. "हो, आहे."

नवऱ्यानं पिशवीतून पेला काढला. जाड स्टीलचा, तीन वर्षं कपाटात पडून मळकटलेला. त्यानं तो रुमालानं पुसला आणि बाटलीतून पाणी ओतलं. मी त्याच्या हाताकडे पाहत होते. बाटली रेघेच्या खाली थांबली. बोटभर खाली. सवयच लागली होती त्याला.

"बाबा," मुकादम म्हणाली, "रेघेपर्यंत."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग बाटली पुन्हा तिरकी केली आणि थेंब थेंब करत पाणी रेघेला नेऊन टेकवलं. आयुष्यात त्यानं हजार काटे सरळ केले असतील, पण एवढी मेहनत मी त्याला कधी घेताना पाहिली नव्हती.

तिनं हात पुढे केला. बोटं पेल्याभोवती वळली. पेला टेबलावरून जेमतेम सुटला आणि कलंडला. पाणी डॉक्टरांच्या कागदांपर्यंत गेलं. जुळ्यांची आई पुसायला धावली, मुकादमनं तिला नजरेनंच थांबवलं. नवरा खुर्चीतून अर्धा उठला होता, तोही बसला.

दुसऱ्यांदा त्यानं भरला. रेघेपर्यंत. या वेळी पेला हललाच नाही. तिचा हात पेल्याला धरून नुसता थरथरत राहिला, कपाळावर घाम आला, ओठ पांढरे झाले. मी तिची आई आहे. एका बोटाचा आधार दिला असता, तरी तो वर गेला असता. मी माझे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले. आमच्या सगळ्यांच्या प्रेमानं आजवर केलं ते पुरे झालं होतं.

तिसऱ्यांदा पेला इंचभर उचलला गेला आणि खाली पडला. टण्ण झालं, आणि पेला गडगडत टेबलाच्या कडेपर्यंत गेला. तो अडवायला कुणीही पुढे झालं नाही. तो फरशीवर पडला.

डॉक्टर पेन हातात धरून थांबले होते. त्यांच्या चेहऱ्यावर तेच आलं होतं जे सगळ्यांच्या येतं, आणि मला वाटलं, आता हे काहीतरी मऊ बोलतील. मुकादमनं त्यांना बोलू दिलं नाही. दम लागला होता, तरी तिनं हात मांडीवर नीट ठेवून घेतला आणि त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"लिहा, जमलं नाही," ती म्हणाली. "आता औषध द्या, आणि वर्षभरानं परत विचारा."

मोठ्या डॉक्टरांनी ओला कागद बाजूला सारला, कोरा घेतला आणि लिहिलं.